तिसऱ्या मजल्याच्या बंडाची हकीकत

विघ्नहर्त्यास नमन. जी वीज जाते आणि परत येते तीस नमन. ज्या तारेतून शब्द अडखळत का होईना पैलतीरी पोहोचतो त्या तारेस नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ वद्य पक्ष, वार बुध, ते दिवशी जे वर्तमान सुरू जाहले आणि पुढे दीड महिना चालले, ते जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. पदरचे घातले असेल तर थोडेच, आणि तेही हसण्यापुरते.

एक दौलत होती. तिचे नाव सांगत नाही, कारण तिच्यात अजून बहुत माणसे नोकरीस आहेत. दौलतीचे महाराज सातासमुद्रापलीकडे राहत, त्यांची आज्ञा ईमेलाने येई, आणि राजधानीत काचेची मोठी कचेरी होती, तिच्या तिसऱ्या मजल्यावर एकेचाळीस असामींची एक फौज होती. या फौजेचे काम ऐसे की दुसऱ्यांनी जे सॉफ्टवेअर बनवावे त्यातील दोष यांनी हुडकावे, दोषास नंबर द्यावा, दोष लहान की थोर ते ठरवावे, आणि मग बनवणाऱ्याच्या गळ्यात बांधावा. दोष काढणे हे त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की लग्नास गेले तर पत्रिकेतील दोष काढीत आणि जेवावयास बसले तर वाढण्याच्या क्रमातील. मग महामारी आली आणि महाराजांनी हुकूम केला की आपापले लॅपटॉप घेऊन घरी जावे, जीव सांभाळावा, आणि काम चालू ठेवावे. फौज घरी गेली. कोणी सासरी गेले, कोणी माहेरी गेले, कोणी डोंगरात भाड्याचे घर घेऊन दोन महिन्यांत ओलीने कंटाळून परत आले, आणि याच पळापळीत नागेश दुधभाते नामे शिलेदार, वय एकोणतीस, आपल्या कसबे भोगावी गेला. भोगाव राजधानीपासून एसटीने सात तास. तेथे आई, वडील आणि वरच्या खोलीत एक टेबल. चार वर्षे ऐसी गेली की कचेरीत आपली खुर्ची कोणती हेही नागेशास आठवेना.

तर त्या बुधवारी महाराजांचे ईमेल आले. आरंभी बहुत गोड लिहिले होते, की तुम्ही आमचे कुटुंब, तुमच्यावाचून आम्हांस करमत नाही, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की भाद्रपद शुद्ध प्रतिपदेपासून आठवड्यातील तीन दिवस सर्वांनी कचेरीत जातीने हजर राहावे, गेटावरील यंत्रास कार्ड लावावे, जो न लावील त्याची बढती अडेल आणि पुढे नोकरीचाही विचार होईल. ऐसे वाचून फौजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपात मोठी धामधूम जाहली. सदतीस जणांनी रागाची तोंडे पाठविली. आणि नागेशाने रागाच्या भरात, जेवण पुढ्यात वाढलेले असता, डाव्या हाताने एक मजकूर टाइप केला की "आपण माणसं आहोत, खुर्च्या नाही. सगळ्यांनी मिळून एक अर्ज करू, बघू काय करतात ते." एवढे लिहून तो भाताकडे वळला. हात धुऊन येऊन पाहतो तो फौजेने त्यास सेनापती केले होते. रत्नाकर खडतरे म्हणून एक जाडजूड, सुस्वभावी शिलेदार होता, त्याने लिहिले, "नाग्या, तू पुढं हो, आम्ही मागं आहोतच." आणि पल्लवी इंगवले म्हणून फौजेतील सर्वांत तिखट बाई, तिने लिहिले, "मागं म्हणजे किती मागं ते आधी ठरवून घे रे नागेश." परंतु सेनापतीच्या डोक्यात वारे शिरले होते. त्याने ते ध्यानी घेतले नाही.

आता नागेशाच्या पोटात जे होते ते सांगणे अवश्य आहे, कारण त्याने स्वतः ते कोणासही सांगितले नव्हते. त्याचे वडील भानुदास, ज्यांस घरी अण्णा म्हणत, गावचे पोस्टमन होते आणि तीस वर्षे सायकलीवर हिंडले होते. ते निवृत्त जाहले आणि फाल्गुनात एके सकाळी दात घासता घासता त्यांचे उजवे अंग गेले. दवाखान्यातून घरी आणिले तेव्हा डॉक्टर बोलिले की पहिले वर्ष मोलाचे, जे काही परत येणार ते या वर्षातच येणार, रोज चालवा, एक दिवसही चुकवू नका. आईची उंची अण्णांच्या खांद्याएवढी आणि गुडघे दुखरे, म्हणजे अण्णांचा तोल गेला असता तर दोघेही पडले असते. म्हणून नागेशाने रोज चार वाजता खाली यावे, अण्णांचा उजवा दंड दोन्ही हातांनी धरावा, आणि ओसरीपासून फाटकापर्यंत व फाटकापासून ओसरीपर्यंत चालवावे. दौलतीच्या कॅलेंडरात त्याने चार ते पाच ही वेळ 'एकाग्र काम' म्हणून अडवून ठेविली होती. त्या वेळी कोणी फोन केला तर तो उचलत नसे, आणि फौजेत त्याची कीर्ती होती की दुधभाते चारला ध्यान लावतो. तीन दिवस राजधानीत राहावयाचे म्हणजे आठवड्यातील निम्मे चालणे बुडाले. हे खरे कारण. परंतु सेनापतीने आपल्या घरची गोष्ट सांगून फौजेची कणव मागावी हे त्यास कमीपणाचे वाटले आणि त्याने थोर थोर कारणे शोधण्यास आरंभ केला.

मग अर्ज लिहिला. श्रमाचे भविष्य, पृथ्वीचे तापमान, रस्त्यांवरील गर्दी, काम कसे दीडपट जाहले, ऐसे पाच पानी लिहून त्याने तो सर्वांस वाचावयास टाकिला आणि लिहिले की दोन दिवसांत काही सुचवायचे असल्यास सुचवा. हीच पहिली चूक. त्याने तो अर्ज अशा माणसांच्या हाती दिला होता की ज्यांस वाचता येत नसे, फक्त तपासता येत असे. दुसरे दिवशी त्रेपन्न दोष निघाले. तिसरे दिवशी एकशे दहा. पल्लवीने लिहिले, "काम दीडपट झालं म्हणतोस, पुरावा कुठाय? मोजलं कोणी?" खडतऱ्याने लिहिले, "पान दोन आणि पान चार एकमेकांशी भांडतायत." दुसऱ्या एकाने लिहिले की तापमानाचे वाक्य माझ्याकडे अर्धेच दिसते, त्यावर नागेशाने उत्तर केले की माझ्याकडे तर पुरते दिसते, आणि यावर अठरा उत्तरे आली, कारण हेच उत्तर फौजेने आयुष्यभर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून ऐकिले होते आणि आज ते आपल्याच सेनापतीच्या तोंडून ऐकून त्यांस मोठा संताप आला. एकाने दोषांचे वर्ग पाडले. दुसऱ्याने त्या वर्गांत दोष काढिले. जुने दोष मिटवावे तो नवे उपजत, आणि अर्ज पाच पानांचा सात पानी जाहला. श्रावण अर्धा उलटला तेव्हा दोषांची संख्या दोनशे चौदा होती आणि अर्ज होता तेथेच होता. फोनवर तीन सभा घेतल्या. पहिलीत सर्व एकदम बोलले, दुसरीत कोणीच बोलेना, आणि तिसरीत कोणाच्या तरी घरच्या मिक्सरात चटणी वाटली जात होती ती तेवढी सर्वांस स्पष्ट ऐकू आली.

तेव्हा खडतरे बोलिला, "असं नाही व्हायचं. एकदा समोरासमोर बसू, एका फटक्यात संपवू." सर्वांस पटले. मग बसावयाचे कोठे हा विचार पडला. हॉटेलात बसावे तर चाळीस माणसे पाहून मॅनेजर घाबरेल, बागेत बसावे तर पाऊस, कोणाच्या घरी बसावे तर चाळीस जणांच्या चपला ठेवणार कोठे. खडतरे पुनः बोलिला, "अरे, आपल्या तिसऱ्या मजल्यावरचा मोठा हॉल रिकामाच असतो की. फळा आहे, एसी आहे, मशीनचा चहा आहे." फौज आनंदली. पल्लवीने लिहिले, "बेस्ट." सेनापतीने वार ठरविला, गुरुवार, दुपारी एक. ज्या फौजेने सात पानांत दोनशे चौदा दोष काढिले, तिच्यातील एकाही वीरास या बेतात दोष दिसला नाही. इतिहासात ऐसे क्वचित घडते.

निघण्याच्या आदले दिवशी नागेश अण्णांपाशी बसला आणि बोलिला, "अण्णा, उद्या राजधानीत जाऊन येतो. दोन दिवस. चालायचं कासमभाईंना सांगितलंय." कासमभाई म्हणजे कोपऱ्यावरील सायकलीचे दुकानवाले, अण्णांची टपालाची सायकल त्यांनीच तीस वर्षे जगविली होती. अण्णांची जीभ अजून जड होती, ते थांबत थांबत बोलिले, "कशापायी जातूस?" नागेश बोलिला, "ऑफिसात जावं लागू नये म्हणून." "म्हंजी जाऊ नये म्हणून जातूस," ऐसे अण्णा बोलिले, आणि मग पंख्याकडे पाहू लागले. नागेशास तेव्हाच उमजावयास हवे होते. परंतु तो पहाटे पाचच्या एसटीत बसला, खिडकीशी डोके टेकून भाषण पाठ करीत गेला, आणि दोन प्रहरी राजधानीत दाखल जाहला.

फौज जमली ती अडतीस. तिघे आले नाहीत, त्यांतील दोघांस ताप होता आणि तिसरा वार विसरला. गेटावर यंत्र होते, प्रत्येकाने त्यास कार्ड लाविले, यंत्राने प्रत्येक वेळी हिरवा दिवा दाखविला, आणि चौकीदार दर खेपेस "वेलकम बॅक साहेब, वेलकम बॅक मॅडम" बोलला. वर जाऊन पाहतात तो चार वर्षांनी एकमेकांची पुरती उंची दिसत होती. खडतरे पडद्यावर वाटे त्याहून बुटका निघाला. पल्लवीने सर्वांसाठी खोबऱ्याच्या वड्या आणिल्या होत्या. हसणे जाहले, कोणाचे केस गेले, कोणास मूल झाले, त्याची चौकशी जाहली, आणि मग नागेश हाती मार्कर घेऊन फळ्यापाशी उभा राहिला आणि जे काम घरी बसून साडेतीन आठवड्यांत जाहले नव्हते ते एका खोलीत दीड तासात जाहले. दोनशे चौदा दोष मिटले. अर्ज पुरा जाहला. आणि त्याच अर्जाच्या तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की एकत्र बसल्याने काम लवकर होते हा निव्वळ भ्रम आहे. तेही वाक्य फौजेने तपासले आणि बिनचूक म्हणून पास केले.

इतक्यात दारात वैजयंती सामंत मॅडम उभ्या राहिल्या. या दौलतीच्या माणसांचे खाते, ज्यास एचआर म्हणतात, त्याच्या कारभारी, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला, आवाज मऊ. "अरे वा," त्या बोलिल्या, "किती दिवसांनी हा हॉल भरलेला बघतेय. इकडं बघा सगळे," आणि मोबाइल काढून फोटो काढिला. सवय वाईट असते, मोबाइल समोर आला की माणूस हसतो. अडतीस जण हसले. सर्वांत पुढे, हाती मार्कर, सर्व दात दिसत आहेत ऐसा नागेश. अडीच वाजता अर्ज रवाना केला. पावणेतीन वाजता महाराजांचे ईमेल साऱ्या दौलतीस आले, की हुकूम अमलात येण्याच्या अगोदरच तिसरा मजला आपण होऊन कचेरीत आला, हजेरी शेकडा ब्याण्णव, यंत्राची नोंद सोबत, इतर मजल्यांनी यांचा कित्ता गिरवावा, आणि खाली तो फोटो. पुढे पाच मिनिटांनी अर्जाचे उत्तर आले. एवढेच लिहिले होते की तुमचा अर्ज मिळाला, तुमचा आजचा फोटो सोबत पाठवीत आहोत.

मग पल्लवी बोलिली, "गेटावर कार्ड लावताना कोणाच्याच डोक्यात आलं नाही?" खडतरे बोलिला, "माझ्या आलं होतं. पण पुढच्यानं लावलं, म्हणून मी लावलं." कोणी म्हणे गुरुवार निवडणेच चुकले, कोणी म्हणे सेनापतीने हसावयास नको होते. "तू तर असा हसतोयस जसं काय बारसं आहे," ऐसे एकजण फोटो मोठा करून दाखवीत बोलिला. मग ज्यास जी गाडी मिळेल ती पकडावयास फौज पांगू लागली, आणि नागेश मार्कर हाती तैसाच घेऊन सामंत मॅडमच्या केबिनीत गेला. घड्याळात चार वाजले होते.

आत जाऊन त्याने पाठ केलेले भाषण सुरू केले. श्रमाचे भविष्य जाहले, तापमान जाहले, आणि गर्दीपाशी येताच त्याची नजर भिंतीवरील घड्याळाकडे गेली आणि त्याची जीभ अडखळली. मॅडम बोलिल्या, "चारला तुमचं ते एकाग्र काम असतं ना? कॅलेंडरात बघते मी. कसलं काम असतं ते?" नागेश हळूच बोलिला, "वडिलांना चालवतो. अर्धांग झालंय त्यांना. डॉक्टर म्हणाले वर्षभर एक दिवस चुकवायचा नाही." मॅडमनी चष्मा डोळ्यांस लाविला, अर्ज उघडला, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाने सरकविली आणि विचारिले, "अर्ज सात पानांचा आहे. तुमचे वडील कितव्या पानावर आहेत?" नागेश बोलिला, "नाहीयेत." "का?" "सगळ्यांचा अर्ज होता, मॅडम. त्यात आपलं घरचं कुठं घालायचं." मॅडम बोलिल्या, "अहो, मग मी वर दाखवायचं काय? पृथ्वीचं तापमान?" आणि त्यांनी खणातून एक कागद काढिला. तो एका पानाचा फॉर्म होता. घरात मोठे आजारपण असल्यास सहा महिने घरून काम करण्याची मुभा, हा नियम दौलतीत नऊ वर्षांपासून होता, नियमांच्या पुस्तकात छापला होता, आणि जगातील प्रत्येक कागद तपासणाऱ्या तिसऱ्या मजल्याने आपले नियमांचे पुस्तक मात्र कधी उघडले नव्हते. नागेशाने चार ओळी लिहिल्या. मॅडमनी सही केली. "आणि बाकीच्यांचं?" त्याने विचारिले. "ज्याला कारण आहे त्यानं आपलं आपण लिहावं. एका पानात. सगळ्यांना मिळेलच असं नाही, आणि मी आत्ताच तसा शब्दही देत नाही," त्या बोलिल्या.

तो खाली आला तेव्हा गेटापाशी खडतरे आणि पल्लवी रिक्षाची वाट पाहत उभे होते. त्याने कागद दाखविला आणि जे जाहले ते सांगितले. खडतरे बोलिला, "म्हणजे तू सुटलास आणि आम्ही फोटोत." त्यात थट्टाही होती आणि नव्हतीही. नागेशास तोंड वर करवेना. पल्लवी बोलिली, "ते सोड. चार महिने आम्ही तुझी टिंगल करतोय, ध्यान लावतो म्हणून. सांगितलं का नाहीस?" नागेश बोलिला, "तुम्ही त्यातही दोष काढाल असं वाटलं." पल्लवी यावर हसली नाही. "इतकं पण नाही काही," ऐसे बोलून ती रिक्षात बसली, आणि अर्ध्या तासाने ग्रुपात तिनेच पहिला मजकूर टाकिला की माझी सासू डायलिसिसवर आहे, हे तुम्हांला कोणाला माहीत नव्हतं, मी फॉर्म भरतेय. मग एकामागून एक लिहू लागले. कोणाचे मूल ऐकू न येणारे, कोणाची बायको दुसऱ्या गावी नोकरीस आणि दोन वर्षांचे लेकरू याच्यापाशी. चार वर्षे जे रोज पडद्यावर एकमेकांस दिसत होते त्यांस हे कळले नव्हते. पुढे एकोणीस फॉर्म गेले, त्यांतील अकरा मंजूर जाहले, पल्लवीचाही जाहला, आठ परत आले, आणि उरलेले मुकाट्याने तीन दिवस कचेरीत जाऊ लागले. खडतऱ्याने कारणाच्या रकान्यात खरे ते लिहिले, की दुपारी जेवल्यावर झोप आवरत नाही. तो फॉर्म नामंजूर होऊन आला, परंतु मॅडमनी खाली स्वहस्ते लिहिले होते की मलाही आवरत नाही.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी नागेश भोगावी पोहोचला, पिशवी ओसरीवर टाकिली आणि विजयी वीराप्रमाणे बोलिला, "अण्णा, झालं काम. सहा महिने कुठं जायचं नाही. रोज मीच चालवणार." अण्णा खुर्चीत बसले होते. ते बोलिले, "काल कासमनं मला चक्कीपतुर नेलं." चक्की फाटकाच्या पुढे, गल्लीच्या वळणावर. नागेशाने पाच महिन्यांत त्यांस फाटकाबाहेर पाऊल टाकू दिले नव्हते. तो आईकडे पाहू लागला, आईने मान डोलाविली. "आजबी नेलं," अण्णा बोलिले. आता सहा महिन्यांची सनद खिशात आणि ज्या कारणावर ती मिळाली ते कारण चक्कीपर्यंत जाऊन आलेले, ऐसी सेनापतीची दशा जाहली. तो पायरीवर बसला आणि बोलिला, "मग मी परत जाऊ का राजधानीत? कासमभाई आहेतच की." अण्णा डावा हात हलवीत बोलिले, "कासम बोलतूय लई. डोस्कं उठतं. पन धरत न्हाई. नुसता बाजूला चालतूय. तू दोनी हातानं आवळून धरतूस, मला पाय टाकाया जागाच ऱ्हात न्हाई." आणि पुढे बोलिले, "तू ऱ्हा. पन सोडून चाल."

शनिवारी चार वाजता नागेशाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. ओसरीच्या पायरीवर अण्णांचा उजवा पाय लटपटला तेव्हा हात आपोआप पुढे आले, ते त्याने मोठ्या कष्टाने मागे नेले. अण्णा थांबले, भिंतीस टेकले, पुनः निघाले. फाटक आले, गेले. चक्कीपाशी पोहोचेतो पाव तास लागला आणि त्या पाव तासात नागेशास जितकी भीती वाटली तितकी महाराजांच्या ईमेलाने वाटली नव्हती.

ऐसे हे तिसऱ्या मजल्याचे बंड. महाराजांचा हुकूम कायम राहिला, फोटो अजून कचेरीच्या दर्शनी भिंतीवर लाविला आहे. सेनापती धरून बारा जण घरी, बाकीचे यंत्रास कार्ड लावतात. सेनापतीने पुनः अर्ज लिहिला नाही, आणि चार ते पाच या वेळेस कॅलेंडरात आता 'अण्णांबरोबर चालणे' ऐसे साफ लिहिले आहे, त्या वेळी अजून कोणी फोन केला नाही. इति वर्तमान संपूर्ण. वाचणाऱ्याने दोष काढिल्यास नंबर देऊन ठेवावे, मिटविण्याची हमी नाही.